दोन इंच वायर

गाडी मरते ती वंटमुरीच्या घाटात,
माझ्या शेडमध्ये नाही.
इथं उद्यमबागेत, फौंड्रीच्या काळ्या वाळूवर उभी राहून
ती शिलाई मशीनसारखी चालते,
आणि पिंटो सर ओशाळून बघतात,
डॉक्टरसमोर नेमकं पोरगं खोकायचं थांबावं तसे.

दोन सीटांची, जमिनीला पोट लावून बसलेली
एकाहत्तर सालची ट्रायम्फ.
कॉइल नवी. प्लग नवे. पेट्रोल पंप दोनदा बदललेला.
कोल्हापुरात एकानं सांगितलं, कार्ब्युरेटर.
हुबळीत एकानं सांगितलं, विका.

हिचं बॉनेट अख्खं पुढं कलंडतं, मडगार्डांसकट.
आत पन्नास वर्षांचे मिस्त्री बसलेत.
तपकिरी बॅटरीची, पांढरी स्विचची, काळी अर्थची,
हा कायदा डॅशबोर्डखाली चार बोटं टिकतो.
पुढं कुणी लाल संपली म्हणून हिरवी जोडली,
कुणी ट्रॅक्टरची, कुणी गणपतीच्या माळेची.
एका जोडावर टेपऐवजी सायकलच्या ट्यूबची चिंधी,
इतकी घट्ट, की सोडताना मला त्या माणसाची घाई कळली:
रात्र असणार, गाडीत कुणी आजारी असणार.
रंगाचं ऐकायचं नाही,
दस्तगीर मिस्त्री म्हणायचे, दिवा लाव, मग बोल.

दिवा लावला. जिथं टेकवला तिथं लागला.
शटर ओढून अंधार केला,
प्लगच्या वायरींवरून निळं काही सरपटतंय का बघितलं.
नाही.
डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत काजळाची रेघ?
नाही.
ओंदु, मूरु, नाल्कु, एरडु.
फायरिंग ऑर्डर मला अजून कानडीतच येते,
मिस्त्रींनी तशीच शिकवली, पान्याचा ताल धरून.
मराठीत म्हणायला गेले की एकानंतर दोनच येतो तोंडात
आणि इंजिन मागं थुंकतं.

चहा आला. पिंटो सर बशीकडे बघत म्हणाले,
"पाय दाबला की, हो. तेव्हाच फक्त."
हे ते सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणत होते.
मी कप ठेवला.

व्हॅक्यूमची नळी काढली कार्ब्युरेटरवरून,
पन्नाशीच्या बाईनं, गिऱ्हाईकासमोर, तोंडात धरली
आणि ओढला श्वास.
कुजकं रबर, पेट्रोल, जिभेवर गंजाची चव.
आत पितळी प्लेट तिळभर फिरली
आणि मीटरचा काटा पडला.
सोडला, उठला.
ओढला, पडला.
"परत करा की," पिंटो सर म्हणाले,
बशी हातात विसरून.

पॉइंटला जाणारी दोन इंचांची वायर.
वरचं कापड धडधाकट.
आत तांबं तुटलेलं, टोकाला टोक टेकवून उभं,
कुणी हलवेपर्यंत एकच असल्यासारखं.

नवी लावली, बारीक तारांची, मऊ,
थोडी ढिली, प्लेटला फिरायला जागा ठेवून.
पांढरी-काळी पाहिजे होती.
डब्यात जांभळी निघाली.
म्हटलं, बसा तुम्हीपण त्या सगळ्या मिस्त्रींच्या ओळीत, बाईसाहेब,
आणि झाळ फुंकून थंड केला.

बिल सांगताना जीभ अडली.
दोन इंच वायरचे काय घेणार?
दिवसाचे सांगितले. त्यांनी टोपी काढून मोजून दिले,
वर शंभर जास्त, "तुमच्या श्वासाचे."

संध्याकाळी संकेश्वरहून फोन.
मागं ट्रकांचा आवाज, आणि ते वाऱ्यात ओरडतायत,
चढली! तिसऱ्यात चढली, एकदापण नाही खोकली!
मग थोडं गप्प.
मग हळूच:
"बाई, एक विचारू? आता डावीकडं वळलं की
हॉर्न वाजतोय."

उद्या या, म्हटलं.
येताना शक्यतो उजवीकडनंच.